हर्निया निघालाय, मग ऑपरेशन कुठलं? पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

जांघेत नाहीतर बेंबीपाशी फुगा दिसायला लागतो, डॉक्टर खोकायला सांगतात, हात लावून बघतात आणि दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात की हर्निया आहे, ऑपरेशन लागेल. खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. एकजण सांगतो दुर्बिणीतूनच करा, दुसरा म्हणतो जाळी अजिबात बसवू देऊ नका, तिसऱ्याच्या ओळखीतल्या कुणाचा तरी परत झालेला असतो आणि चौथा पट्टा बांधून बघा म्हणतो. आणि गंमत म्हणजे यातला प्रत्येकजण कुठल्यातरी एका पेशंटच्या बाबतीत बरोबर असू शकतो, कारण सगळ्यांना चालेल असं एकच ऑपरेशन हर्नियात नसतं. तुमचा हर्निया कुठला, तुमची तब्येत कशी आणि समोरच्या सर्जनचा हात कशावर बसलाय, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. त्याच क्रमाने बघू. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा, पण त्यांच्यासमोर बसल्यावर ते काय बोलतायत एवढं तरी कळावं म्हणून हे लिहितोय.

पायरी 1: कुठला हर्निया आहे ते नाव लिहून घ्या

पोटाच्या भिंतीत, म्हणजे स्नायू आणि त्यांच्यावरचा पांढरा चिवट पडदा यात, कुठेतरी भोक पडतं किंवा जागा ढिली होते आणि आतली चरबी नाहीतर आतडं तिथून बाहेर डोकावतं. टायर फाटला की आतली ट्यूब फुगून बाहेर येते ना, अगदी तसं. त्यामुळे गोळ्या घेऊन हर्निया बरा होत नाही, व्यायामाने भोक बुजत नाही, आणि पट्ट्याने फुगा फक्त दाबला जातो, काढला की परत आहेच.

सगळ्यात कॉमन जांघेतला, त्याला इंग्वायनल म्हणतात, कागदावर तेच लिहिलेलं असेल. जांघेतल्या हर्नियाची शक्यता पुरुषाला आयुष्यभरात साधारण 27 टक्के आणि बाईला 3 टक्के धरतात, म्हणजे पुरुषांमध्ये जवळपास दर चौथ्याला, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही, तरी लोक वर्षानुवर्षं लपवतात. त्यात परत इनडायरेक्ट आणि डायरेक्ट असे दोन प्रकार असतात. पहिल्यात गर्भात असताना वृषण खाली उतरण्याची जी वाट असते ती नीट बंद झालेली नसते, दुसऱ्यात वयाबरोबर मागची भिंत झिजते. मोठ्या माणसात ऑपरेशन दोन्हीला जवळपास सारखंच, त्यामुळे या शब्दांवर फार डोकं लावू नका.

डोकं लावायचं ते फीमोरल या शब्दावर. हा पण जांघेतच, पण थोडा खाली, मांडीच्या सुरुवातीला, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि दिसायला छोटासा असला तरी त्याचं तोंड अरुंद नि कडक असल्यामुळे आतडं अडकायचा धोका यात खूप जास्त. रिपोर्टवर हा शब्द असेल तर "बघू पुढच्या वर्षी" हा पर्याय नाही. बाईला जांघेत गाठ आली आणि कुणी नुसती लिम्फची गाठ असेल म्हणून सोडून दिलं तर एकदा सोनोग्राफी करून घ्याच.

बाकी बेंबीचा म्हणजे अंबिलिकल, बेंबीच्या वर मधोमध येणारा एपिगॅस्ट्रिक, आणि जुन्या ऑपरेशनच्या टाक्यातून येणारा इन्सिजनल. हायटस हर्निया वेगळाच, तो बाहेरून दिसत नाही, त्यात जठराचा वरचा भाग छातीत सरकतो आणि जळजळ होते, त्याचं थोडक्यात पुढे सांगतो.

तपासणीचं म्हणाल तर जांघेतला फुगा स्पष्ट दिसत असेल तर हात लावून केलेली तपासणी पुरते. शंका असेल तर सोनोग्राफी. सीटी स्कॅन साधारण मोठ्या किंवा जुन्या टाक्यातल्या हर्नियाला लागतो, कारण तिथे भोक किती सेंटीमीटर आहे आणि आत काय काय गेलंय हे आधी कळणं गरजेचं असतं.

पायरी 2: घाई आहे की वेळ आहे ते ठरवा

आधी घाईचं बोलू. आडवं पडलं की फुगा आत जात असेल, नुसतं जडपणा आणि दिवसाच्या शेवटी ओढल्यासारखं होत असेल तर वेळ आहे. पण रोज आत जाणारा फुगा अचानक जातच नाही, कडक झालाय, हात लावू देत नाही इतका दुखतोय, वरची कातडी लाल नाहीतर काळसर दिसतेय, उलट्या होतायत, पोट फुगलंय, संडास नाही नि वारा पण सरत नाही, यातलं काही झालं तर तडक इमर्जन्सीत जायचं. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते मरायला लागतं आणि मग साधं हर्नियाचं ऑपरेशन राहत नाही, आतड्याचा तुकडा कापावा लागतो. अशा वेळी घरी जोर लावून फुगा आत ढकलत बसू नका, आणि काही खाऊ पिऊ पण नका, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते.

आता दुसरी बाजू. पुरुष आहात, जांघेतला हर्निया आहे आणि त्रास जवळपास काहीच नाही, तर थांबून बघणं हा खरोखरचा पर्याय आहे, डॉक्टरांनी टाळलं असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेत 720 पुरुषांवर यासाठीच एक मोठा अभ्यास झाला, 2006 साली छापून आला, त्यात थांबलेल्या लोकांमध्ये अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात 2 पेक्षाही कमी निघालं. हे वाचून बरेच जण खूश होतात नि विषय बंद करतात, पण त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा 10 वर्षांत साधारण 68 टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत ते ऑपरेशन पुढे ढकलणंच ठरतं. माझं मत विचाराल तर वय वाढतंय, शुगर बीपी अजून आटोक्यात आहे, त्रास हळूहळू वाढतोय, तर चांगल्या तब्येतीत असतानाच उरकून घेतलेलं बरं. उलट हृदयाचा मोठा त्रास असलेल्या वयस्कर माणसाचा छोटासा न दुखणारा हर्निया कुणी घाईने करायला निघालं तर का म्हणून नक्की विचारा.

बायकांना हा थांबण्याचा सल्ला सहसा देत नाहीत, कारण वर सांगितलेला फीमोरल हर्निया नुसत्या हाताच्या तपासणीत निसटतो. गरोदरपणात मात्र, अडकलेला नसेल तर, बाळंतपण होऊन शरीर पूर्वपदावर येईपर्यंत थांबतात.

पायरी 3: टाके की जाळी, आधी हे समजून घ्या

लोक एकदम "ओपन का दुर्बीण" पासून सुरुवात करतात, त्याच्या आधीचा प्रश्न भोक बंद कशाने करायचं हा आहे.

जुनी पद्धत म्हणजे तुमचेच स्नायू आणि पडदा ओढून एकमेकांना शिवायचे. इटलीच्या एदोआर्दो बास्सिनीने 1880 च्या दशकात हे नीट बसवलं आणि पुढची शंभर वर्षं जगभर त्याच धर्तीवर ऑपरेशनं होत राहिली. त्यात अडचण ही की ढिली झालेली जागा ताणून शिवली की टाक्यावर कायम ओढ राहते, ओढीमुळे दुखतं, आणि काही वर्षांनी तिथेच परत सुटतं. कॅनडात टोरांटोमध्ये डॉ. शोल्डाइस यांनी 1945 ला फक्त हर्नियाचं हॉस्पिटल काढलं, तिथे थरावर थर शिवायची त्यांची पद्धत आजही करतात आणि त्यांचे निकाल उत्तम आहेत. पण ते दिवसभर तेच एक काम करतात, इतर ठिकाणी तसा हात सहसा नसतो.

मग जाळी आली. पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकची ही विणलेली जाळी असते, 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत फ्रान्सिस अशर या सर्जनने प्लास्टिकची जाळी हर्नियात वापरात आणली, आणि 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टाइनने सांगितलं की ओढून शिवूच नका, भोकावर जाळी सपाट पसरा, कडेने टाके घ्या, ताण शून्य. आज ओपन म्हटलं की बहुतेक सर्जन हीच पद्धत करतात. जाळी विरघळत नाही, तिच्या छिद्रांमधून आपल्याच शरीराचा तंतू वाढतो आणि काही आठवड्यांत सगळं मिळून एक मजबूत थर तयार होतो. धातू नसतो, त्यामुळे विमानतळावर बीप वाजत नाही.

जाळीची भीती बऱ्याच जणांना असते आणि ती अगदीच बिनबुडाची नाही, इन्फेक्शन झालं तर जाळी काढायची वेळ येऊ शकते, असं क्वचित होतं पण होतं, शिवाय दुखत राहण्याचा मुद्दा आहे त्यावर खाली वेगळं लिहिलंय. पण नेटवर जाळीच्या कोर्टकेसचं जे वाचायला मिळतं त्यात बायकांच्या योनीमार्गातून बसवलेल्या जाळीचं बरंच काही मिसळलेलं असतं, तो प्रकार वेगळा. जांघेतल्या हर्नियासाठी 2018 मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसाला जाळी हाच पहिला सल्ला आहे, कारण परत होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. त्यातच बुचासारखी गुंडाळून भोकात बसवायची जी जाळी असते ती नको, सपाट घ्या असंही म्हटलंय, हा प्रश्न सर्जनला विचारण्यासारखा आहे.

जाळी नकोच असेल तर शोल्डाइस आहे, आणि पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत आहे, त्यात बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या पडद्याचीच एक पट्टी सोडवून मागच्या भिंतीला लावतात, म्हणजे जाळीचं काम तुमच्याच शरीराचा तुकडा करतो. पोलंडमध्ये या पद्धतीची लिक्टेनस्टाइनशी तुलना करणारा अभ्यास झाला, 2012 ला आला, 3 वर्षांत परत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघालं. मात्र ही पद्धत प्रत्यक्ष नेहमी करणारा सर्जन पाहिजे, पेशंटने आग्रह केला म्हणून एखादीच करणाऱ्याकडून करून घेऊ नका.

पायरी 4: ओपन की दुर्बीण

ओपनमध्ये जांघेत साधारण 5 ते 8 सेंटीमीटरचा काप असतो, समोरून जातात, फुगा आत ढकलतात, जाळी लावतात. याचा सगळ्यात मोठा फायदा फार कमी लोक सांगतात, तो म्हणजे हे नुसती जागा बधिर करून करता येतं. हृदय फुप्फुस कमजोर असलेल्या माणसाला हा फार मोठा आधार आहे.

दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरून जागा करायची, आणि जाळी भिंतीच्या मागच्या बाजूने, आतून लावायची. आतून पोटाचा दाबच जाळीला भिंतीवर दाबून धरतो, कल्पना मस्त आहे. जाळी इथे मोठी, कमीत कमी 10 बाय 15 सेंटीमीटर, म्हणजे जांघेतल्या हर्नियाच्या तिन्ही जागा, फीमोरलची पण, एकदमच झाकल्या जातात, म्हणूनच बायकांना शक्यतो दुर्बिणीतून करा असं सांगतात. याचे दोन प्रकार कानावर येतील, टीएपीपी आणि टीईपी. पहिल्यात पोटाच्या पोकळीत शिरून आतलं अस्तर उघडून जाळी ठेवतात नि अस्तर परत शिवतात, दुसऱ्यात पोकळीत न शिरता अस्तर आणि स्नायू यांच्या मधल्या थरातच काम उरकतात. निकाल दोन्हीचे सारखे, सर्जनला जे सवयीचं ते करू द्या, यात तुम्ही आम्ही नाक खुपसायची गरज नाही.

दुर्बिणीत सुरुवातीला कमी दुखतं, कामावर लवकर जाता येतं, दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच तीन छिद्रांतून दोन्ही होतात, आणि ओपन करून परत आलेला असेल तर मागून जाणं सोयीचं कारण पुढची जागा जुन्या जखमेने चिकटलेली असते. हे उलटं पण लागू होतं, आधी दुर्बिणीतून झालेला परत आला तर ओपन करतात. तोटे असे की सहसा पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो, आणि प्रोस्टेटचं कापून ऑपरेशन झालेलं असेल किंवा खालच्या पोटात आधीची मोठी चिरफाड असेल तर मागचा थर चिकटलेला असतो, तिथे ओपनच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुर्बिणीचं हे ऑपरेशन शिकायला वेळ लागतो, 50 ते 100 ऑपरेशनं झाल्यावर हात बसतो असं गाइडलाइनच सांगते, आणि पहिली 30 ते 50 जास्त जोखमीची. मांडीकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसा तिथेच आसपास असतात. त्यामुळे ओपन रोज करणारा सर्जन हा दुर्बीण कधीमधी करणाऱ्यापेक्षा तुमच्यासाठी चांगला, काप थोडा मोठा दिसला तरी चालेल. रोबोट म्हणजे तरी काय, दुर्बिणीचंच काम, फक्त सर्जन कन्सोलवर बसून हात चालवतो, साध्या जांघेतल्या हर्नियाला त्याने पेशंटला फार मोठा फरक पडतो असं काही दिसत नाही, बिलात मात्र पडतो. मोठ्या गुंतागुंतीच्या पोटाच्या हर्नियात आतून शिवणं त्याने सोपं जातं, तिथे विषय वेगळा.

पायरी 5: जांघेतला नसेल तर

बेंबीचा अगदी छोटा, 1 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर नुसते टाके घालून भागू शकतं. त्याच्या वर, 1 ते 4 सेंटीमीटरला, छोटा काप घेऊन अस्तराच्या वर सपाट जाळी ठेवतात. त्याहून मोठा असेल किंवा माणूस खूप जाड असून जखम पिकायचा धोका असेल तर दुर्बिणीचा विचार करतात. दुर्बिणीत जाळी पोटाच्या आतून आतड्यांच्या बाजूला लावणार असतील तर ती साधी नसते, आतड्याला चिकटू नये म्हणून एका बाजूला लेप असलेली खास असते. हल्ली बरेच सर्जन जाळी आतड्यापासून लांब, स्नायूंच्या मधल्या थरात ठेवायला बघतात, तेही विचारा.

जुन्या टाक्यातला हर्निया हा सगळ्यात अवघड गडी. भोक मोठं, कडा लांब सरकलेल्या, आतडी चिकटलेली, आणि माणूस बरेचदा जाड नि शुगरवाला. इथे स्नायूच्या मागे मोठी जाळी ठेवतात, आणि कडा जुळतच नसतील तर पोटाच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सोडवून सैल करतात, त्याला कम्पोनंट सेपरेशन म्हणतात. काही ठिकाणी ऑपरेशनच्या काही आठवडे आधी बाजूच्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, हो तेच सुरकुत्यांचं बोटॉक्स, त्याने स्नायू ढिले पडून कडा जवळ आणता येतात. असलं ऑपरेशन जो नेहमी करतो त्याच्याकडेच जायचं, लांब असला तरी.

हायटस हर्नियात आधी औषधं असतात, त्याने भागत नसेल किंवा जठराचा मोठा भाग वर सरकला असेल तर दुर्बिणीतून जठर खाली ओढून, छाती नि पोट यांच्यामधल्या पडद्यातलं भोक शिवून, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. पूर्ण गोल गुंडाळला तर निस्सेन, अर्धवट गुंडाळला तर टुपे. नंतर काही आठवडे पातळ आणि मऊच खायचं.

लहान मुलांचं सगळं वेगळं. जांघेतला असेल तर थांबायचं नाही, विशेषतः तान्ह्या बाळाला, कारण अडकतो लवकर. पण ऑपरेशन छोटं, फक्त उघडी राहिलेली पिशवी बांधून टाकतात, जाळी अजिबात नाही. बेंबीचा मात्र बहुतेकदा 3 ते 5 वर्षांपर्यंत आपोआप मिटतो, नाणं वगैरे बांधायची काही गरज नाही, त्याने कातडी खराब होते.

पायरी 6: भूल

ओपनला तीन पर्याय, नुसती जागा बधिर, पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर, किंवा पूर्ण भूल. मणक्यातल्या भुलेनंतर काही जणांची लघवी अडते, प्रोस्टेटवाल्या काकांची तर जास्तच, त्यामुळे लघवीचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, हलणारे दात, आधीच्या भुलेत झालेला त्रास, सगळं सांगायचं, लाजायचं नाही.

पायरी 7: तयारी, म्हणजे तुमच्या हातातलं काम

सिगारेट कमीत कमी 4 आठवडे आधी बंद. हे उपदेश म्हणून सांगत नाही, धूम्रपानाने जखम भरत नाही, पिकते, आणि खोकून खोकून टाके ताणले जातात. शुगर आटोक्यात आणा. वजन खूप असेल तर मोठ्या पोटाच्या हर्नियात सर्जन सरळ आधी कमी करून या म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर लावावा लागणं, याचा इलाज आधी करून घ्या नाहीतर ज्या दाबाने भोक पडलं तोच दाब नव्या जागेवर पण येणार.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या नि थांबवायच्या का हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना विचारून, स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असलेल्या माणसाला ते भारी पडू शकतं. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक चिरा पडतात नि इन्फेक्शनला वाट मिळते, गरज वाटली तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतील. जेवण साधारण 6 तास आधी बंद आणि साधं पाणी 2 तास आधी, पण तुम्हाला जी वेळ सांगितली असेल तीच पाळा. आत नेण्याआधी लघवी करून घ्या, आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे तिथे पेनाने खूण केलीय ना ते तुम्ही जागे असतानाच बघा.

सर्जनला विचारायचे प्रश्न फोनमध्ये टाइप करून न्या, तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं. माझा हर्निया नेमका कुठला, तुम्ही कुठली पद्धत करणार नि माझ्यासाठी तीच का, वर्षाला अशी किती करता, तुमच्या पेशंटमध्ये परत होण्याचं आणि दुखत राहण्याचं प्रमाण काय, जाळी कुठली आणि कुठे ठेवणार, दुर्बिणीतून नाही जमलं तर ओपन करणार का, आणि त्याच दिवशी घरी सोडणार का. चांगला सर्जन या प्रश्नांना चिडत नाही. चिडला तर दुसरं मत घ्या.

पायरी 8: ऑपरेशन झाल्यावर काय काय होतं

साधा जांघेतला हर्निया असेल तर बरेचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. संध्याकाळीच उठून चालायला लावतात, चाला, पडून राहिलात तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा, खोकताना शिंकताना उशी दाबून धरा. दुर्बिणीवाल्यांचा खांदा दुखतो आणि ते घाबरतात, तो उरलेल्या गॅसमुळे असतो, एक-दोन दिवसांत जातो. दुखण्याच्या गोळ्या सुरुवातीचे दिवस वेळेवर घ्या, सहन करत बसून शौर्य दाखवायची ही जागा नाही, आणि कुंथावं लागू नये म्हणून पाणी, भाज्या, लागलं तर पोट साफ व्हायचं औषध.

पुरुषांसाठी एक आधीच सांगून ठेवतो, अंडकोश सुजून निळे काळे पडू शकतात. बघून हादरायला होतं, पण ते वरून उतरलेलं रक्त असतं, आठवडा दोन आठवड्यांत ओसरतं, घट्ट आधार देणारी चड्डी घाला. दुसरं, जिथे फुगा होता तिथेच परत फुगवटा दिसतो नि माणूस म्हणतो गेलं सगळं वाया. बहुतेकदा ते रिकाम्या जागेत साचलेलं पाणी असतं, आपोआप जिरतं, सुई घालून काढायची घाई नको. टाक्याखाली कडक वळासारखं लागतं तेही काही महिन्यांत मऊ होतं.

वजन उचलण्यावरून प्रत्येकजण वेगळं सांगतो. जुने लोक तीन महिने म्हणतात, पण 2018 ची ती गाइडलाइन म्हणते की जांघेतल्या जाळीच्या ऑपरेशननंतर झेपेल तसं लवकर रोजचं सगळं सुरू करा, लवकर हालचाल केल्याने परत होण्याचं प्रमाण वाढत नाही. तरी जड वजन आणि जिम याबद्दल बरेच सर्जन 4 ते 6 आठवडे थांबायला सांगतात, आणि जुन्या टाक्यातला मोठा हर्निया असेल तर त्याहून जास्त, तिथे त्यांचंच ऐका. गाडी कधी चालवायची तर जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही आणि झोप आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्यात तेव्हा. शरीरसंबंधही दुखत नसेल तेव्हा सुरू करायला हरकत नाही, हे कुणी विचारत नाही म्हणून लिहिलं.

ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी लाली, लघवी न होणं, पोट फुगून उलट्या, पोटरी दुखून सुजणं, किंवा अंडकोशात अचानक असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आता ते दुखत राहण्याचं. जांघेतल्या हर्नियानंतर साधारण 10 ते 12 टक्के लोकांना तीन महिने उलटले तरी दुखणं जाणवत राहतं, आणि रोजच्या कामात आडवं येईल असं तीव्र दुखणं 0.5 ते 6 टक्क्यांना. कारण तिथून संवेदना नेणाऱ्या तीन बारीक नसा (नर्व्ह, रक्ताच्या नव्हे) जातात, त्या जाळीत, टाक्यात नाहीतर जखमेच्या वणात अडकू शकतात. ऑपरेशनच्या आधीच खूप दुखत असलेल्यांना आणि तरुणांना हा धोका जास्त. मांडीच्या आतल्या बाजूला थोडं बधिर लागणं वेगळं, ते बऱ्याच जणांना होतं आणि माणूस विसरून जातो. पण जळल्यासारखं, करंट बसल्यासारखं तीन महिन्यांनंतर चालूच असेल तर "ऑपरेशन चांगलं झालंय, मनाचे खेळ आहेत" हे ऐकून घेऊ नका, नसेच्या दुखण्याची औषधं, नसेपाशी इंजेक्शन, आणि अगदीच नाही गेलं तर नस कापणं किंवा जाळी काढणं हे इलाज आहेत, त्यासाठी या दुखण्याचा अनुभव असलेल्या सर्जनला किंवा पेन क्लिनिकला दाखवा.

घरी सोडताना डिस्चार्जचा कागद नीट वाचून घ्या. त्यात कुठल्या बाजूचं, कुठल्या पद्धतीने, जाळी कुठल्या कंपनीची नि किती मोठी, कुठल्या थरात ठेवली, धातूच्या पिना मारल्या का, हे सगळं पाहिजे, जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर असेल तर तेही चिकटवून मागा. दहा वर्षांनी परत झाला, किंवा त्याच भागात दुसरंच कुठलं ऑपरेशन निघालं, तर पुढच्या सर्जनने समोरून जायचं की मागून हे या कागदावरूनच ठरतं. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.